खोलीच्या मापाची रिंग

थंडी पडली की धुळ्यातल्या माणसांना अचानक आपल्याला शरीर असल्याची आठवण होते. पांझरेच्या काठानं सकाळी कानटोप्यांची रांग लागते. वर्षभर दारात रिक्षा बोलावणारे लोक हात मागेपुढे झोकत चालतात, कुणी उलटं चालतं, कुणी चालता चालता टाळ्या वाजवतं. हवेत कपाशीच्या काड्यांचा धूर असतो, कारण कुठल्यातरी मळ्यात काल त्या काड्यांवर वांगी भाजून भरीत झालेलं असतं आणि आज आणखी कुठेतरी व्हायचं असतं. ही हवा मला आवडायला पाहिजे. आवडतेही. पण बाजारात शिरले की खेळाच्या सामानाच्या दुकानांबाहेर खिळ्यांना टांगलेल्या, कमरेत फिरवायच्या प्लॅस्टिकच्या रिंगा दिसतात, गुलाबी, पोपटी, आत चमकी भरलेल्या, आणि माझं डोकं तापतं.

परवा अशाच एका दुकानाबाहेर एक बाई रिंग स्वतःच्या पोटाशी धरून बघत होती, आरशासमोर ड्रेस लावून बघतात तशी. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, पोटाशी नका धरू. जमिनीवर उभी करा, आपल्या शेजारी. वरची कड बेंबीच्या वर आली पाहिजे, छातीपर्यंत आली तरी चालेल. ही तर तुमच्या गुडघ्याच्या जरा वर येतेय."

बाईंनी मला खालून वर पाहिलं. "तुमचं दुकान आहे का?"

"नाही."

"मग?"

मग काय सांगू? मग मी तिथून निघाले, आणि दिवसभर चरफडत राहिले. कारण त्या बाईंनी तीच गुलाबी रिंग घेतली असणार, घरी नेली असणार, ती घसरून पायात पडली असणार, आणि घरातलं कुणीतरी हसून म्हणालं असणार, राहू दे, तुझ्याच्यानं होणार नाही. हे सगळं मला दिसतं, कारण मी हे एकदा पाहिलेलं आहे. जळगावच्या आमच्या घरात, एका थंडीत, अगदी जवळून.

आमचं घर पत्रकांचं. आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं काढायचे. हुंडा, बुवा, भानामती, पाण्याचं वाटप, मुलींची शाळागळती. ज्यावर म्हणून माणसाला राग यावा, त्यावर आमच्याकडे पत्रक असायचं. पाठ्यपुस्तकाच्या आधी मी पत्रकांवरून अक्षरं ओळखायला शिकले. लहानपणी भूक लागली की मी "जेवायला दे" न म्हणता "आमची मागणी आहे" म्हणायचे, असं आई अजून पाहुण्यांना सांगते. माझं नावच मुळी समता. ओल्या शाईचा वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं, आणि पाठोपाठ कुणाशीतरी भांडावंसं वाटतं.

या घरात दादाशी लग्न करून वैशाली वहिनी आली. माहेर सोनगीरच्या अलीकडचं, शेतीचं. हुंडा नाही, मानपान नाही, नोंदणी करून लग्न. आबांनी त्याचंही पत्रक काढलं. वहिनी शाळेत असताना खो-खो खेळलेली. खुंटावर सूर मारायची म्हणे अशी, की समोरच्या संघातल्या पोरीही टाळ्या वाजवायच्या. मग छकुली झाली, सिझर करून. पुढची दोन वर्षं वहिनीचं शरीर हे घरातलं एक सामायिक काम झालं होतं: तिनं काय खावं, कसं उठावं, पोटाला काय बांधावं, यावर सगळ्यांचं मत होतं.

त्या थंडीत छकुली तुरुतुरु पळायला लागली आणि वहिनीला तिच्यामागे वाकवेना. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की सगळं ठीक आहे, आवडेल तो व्यायाम करा, फक्त रोज करा. आवडेल तो! हे शब्द ऐकून वहिनी घरी येताना रिक्षात एकटीच हसत होती. तिला आवडणारी गोष्ट ठरलेली होती. लहानपणी खळ्यात, म्हणजे जिथं धान्य मळतात त्या मोकळ्या अंगणात, गावातल्या पोरी सायकलचं जुनं टायर कमरेत अडकवून फिरवायच्या. वहिनीचं टायर सगळ्यात शेवटी पडायचं.

जेवताना तिनं सांगितलं, मला फिरवायची रिंग आणायची आहे. आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अगं, आता बारीक होऊन कुणाला दाखवायचंय?"

वहिनी आमच्याशी शहरी मराठी बोलते, पण राग आला किंवा लाडात आली की तिची जीभ सोनगीरला जाऊन येते. ती म्हणाली, "दखाडाले नही व आई, वापराले. माले मन्ही कंबर वापस पायजे."

दाखवायला नाही, वापरायला. एवढीच तिची मागणी होती. मी त्या वाक्यावर मनातल्या मनात एक पत्रक लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. पहिल्या दुकानात खेळण्यांच्या राशीतून शेठजींनी मान वर काढली.

"पोरगी किती वर्षांची आहे ताई?"

"बत्तीस," वहिनी म्हणाली.

शेठजी थांबले. "नाही, मापासाठी विचारलं हो."

"मग माप विचारा ना. वय कशाला?"

"बरं. कंबर किती?"

मला वाटलं, हा माणूस मुद्द्यावर आला. पण त्यांनी वहिनीच्या कमरेकडे न बघण्याचा सभ्य प्रयत्न करत सगळ्यात लहान रिंगांकडे हात नेला. लेडीजसाठी आम्ही लहानच देतो, म्हणाले, हलकी पण असते, मोठी त्यांना आवरत नाही. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? ते म्हणाले, "ठरवायचं काय त्याच्यात, कंपनीच तशी पाठवते." कंपनी पाठवते, दुकानदार देतो, बाई घेते, आणि कुणीच काही ठरवलेलं नसतं. या देशातल्या बहुतेक गोष्टी अशाच ठरतात.

शेवटी मिळाली ती तुकड्यांची. प्लॅस्टिकचे वाकडे तुकडे एकात एक खटाखट बसवायचे, की रिंग तयार. हवी तेवढी मोठी करता येते, म्हणून आम्ही खूष झालो. हवी तेवढी लहानही करता येते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी आई रिंग हातात घेऊन म्हणाली, "केवढी ही! घसरेल ना. बांगडी कशी, हात दाबून चढली पाहिजे." आई पाटल्या-बांगड्यांच्या हिशेबानं बोलत होती, आणि मला आता वाटतं, शेठजीही त्याच हिशेबानं बोलत होते. बाईच्या अंगाभोवती जे काही गोल असेल ते घट्ट बसलं पाहिजे, हे आमच्याकडे सगळ्यांना न शिकवता येतं. रिंगचं नेमकं उलटं असतं. लहान रिंग भराभर फिरते. तिच्या वेगाला पकडायचं तर आधीच उस्ताद असावं लागतं. मोठी सावकाश येते. पाठीवरून पोटाशी येईपर्यंत माणसाला श्वास घेता येतो, चुकलेलं सावरता येतं. शिकणाऱ्याला मोठी लागते, थोडी जडही लागते. हे मी तेव्हा मोबाइलवर शोधून वाचलं आणि घरात मोठ्यानं वाचूनही दाखवलं. दादा म्हणाला, "बरोबर आहे. पण कपाटाला लागतेय."

कपाटाला लागत होती, हे खरं होतं. वहिनी-दादाची खोली म्हणजे पलंग, कपाट, छकुलीचा पाळणा, टेबल, आणि या सगळ्यांच्या मधे उरलेला जमिनीचा एक तुकडा. दादानं समजूतदारपणे रिंगमधला एक तुकडा काढला. आता कपाटाला लागेना, पण पाळण्याला लागू लागली. पाळणा हलवला तर दार उघडेना. मग आणखी एक तुकडा निघाला. मग टेबलावरच्या दादाच्या लॅपटॉपला धोका वाटला म्हणून आणखी एक. प्रत्येक तुकडा प्रेमानं काढला गेला, कुणी आवाज चढवला नाही. आठवड्याभरात रिंग परातीएवढी झाली. वहिनी त्या परातीत उभी राहायची, कंबर हलवायची, आणि रिंग टक्‌ करून पायात पडायची. उचलायला वाकायची, वाकताना पाठ धरायची. छकुली टाळ्या वाजवायची. तिला वाटायचं, रिंग पाडण्याचाच खेळ आहे.

आणि मग ते वाक्य आलंच. दादा वाईट मनानं म्हणाला नाही. म्हणाला, "तुला नाही जमत गं हे. चालायला जात जा तळ्यावर."

"पोरीला कोण बघणार तळ्यावर जाताना? तुम्ही?"

दादाला कामावर जायचं होतं.

मला अजून त्या वाक्याचा संताप येतो. तुला जमत नाही! अरे, तुम्ही तुमच्या कपाटाचं माप घेऊन तिला रिंग दिली, आणि पडली की कंबर तिची वाईट? मी हे असंच्या असं बोलले. दादा म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करू नकोस." आता हे घर कोणाचं आणि हे वाक्य कोणाच्या तोंडी!

मधे एक रिंग मी ऑनलाइन मागवली, कारण माझाही धीर सुटला होता. ती जड होती आणि आतून तिला गाठी होत्या. खोक्यावर एका बाईचं नुसतं पोट छापलेलं होतं, तिला डोकं नव्हतं. गाठींनी म्हणे मसाज होतो. वहिनीच्या कमरेवर निळे डाग पडले. आईनं ते पाहिले आणि हळद लावता लावता म्हणाली, "हा व्यायाम आहे का शिक्षा?" त्या वेळी मला आईचं पटलं. बाईनं व्यायाम करायचा म्हटला की बाजारात दोनच प्रकार मिळतात. एक लहान मुलीसाठी असतो, आणि दुसरा गुन्हेगारासाठी.

संक्रांतीला वहिनी माहेरी निघाली, मीही तिच्यासोबत गेले. सोनगीरचा किल्ला हायवेवरून दिसायला लागला तशी ती खिडकीतून डोकं बाहेर काढायला लागली, आणि घरी पोचल्यावर पाणीही न पिता सरळ मागच्या खळ्यात गेली. तिथं भिंतीला टेकून ठिबकचे पाईप पडलेले होते, काळ्या नळ्यांची वेटोळी, एकावर एक. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला, गोठ्यात, ट्रॅक्टरवर, सगळीकडे ही वेटोळी दिसतात. जन्मभर पाहिलेली. त्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या राहिलो आणि एकमेकींकडे पाहून हसायलाच लागलो. पाईप मुळातच गोल गुंडाळलेला होता. रिंगा तिथं केव्हाच्या पडून होत्या, फक्त त्या कापल्या नव्हत्या!

पहिली फसली. झाडांच्या ओळीतून घालतात ती बारीक नळी आम्ही घेतली. तिची रिंग उभी केली की अंडं व्हायचं. मग मळ्याच्या टोकाला वापरतात तो जाड काळा पाईप घेतला. मी पाईप वहिनीच्या शेजारी उभा धरून माप सांगत होते, ती करवत चालवत होती. टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि आत जोडायची नळी ठोकून बसवली. कमरेवरून घसरू नये म्हणून तिच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वरून गच्च गुंडाळल्या. तिचा भाऊ बैलांना पाणी पाजून आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काय वं, गाडानं चाक करी राहिनी का?"

"तुले काय करनं शे? तू तुन्हं काम कर."

"नही, चाक व्हयी ते माले बैल शोधना पडी, म्हनीसन विचारं."

वहिनीनं त्याला ती रिंग फेकून मारली. त्याच्या डोक्यातून खाली खांद्यांवर बसली, आणि तो तसाच, रिंग घालून, गाडीला जुंपलेल्या बैलासारखा मान हलवत अंगणातून फिरला. त्यांच्या आईनं हसून हसून डोळ्यांना पदर लावला.

मग वहिनी रिंगेत उभी राहिली. एक पाय जरा पुढे. रिंग पाठीला टेकवली, हातानं झोका दिला. लोकांना वाटतं कंबर गोल फिरवायची असते. नाही. पुढे-मागे ढकलायची, एवढंच. गोल फिरण्याचं काम रिंग आपलं आपण करते. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा ती वर राहिली, आणि मी वहिनीचा चेहरा बघितला. दोन वर्षं त्या चेहऱ्यावर एक दुसऱ्याला विचारणारा भाव असायचा: बसू का, उठू का, हे खाऊ का. तो गेला होता. ती कुणालाच काही विचारत नव्हती. खळं मोठं होतं, भोवती कपाट नव्हतं, पाळणा नव्हता, छकुली आजीच्या मांडीवर होती, आणि लुगड्याच्या रंगीत पट्ट्यांचा तो मोठा गोल सावकाश, स्वतःच्या तब्येतीनं फिरत होता. "समता, दख," ती म्हणाली. एवढंच.

ती रिंग आम्ही एसटीनं आणली. दारातून आडवी जाईना, उभी करून आत घेतली, आणि ठेवायला जागाच नव्हती म्हणून दोघी शेजारी बसलो आणि रिंग दोघींच्या भोवती घालून घेतली. छकुली मांडीवर. धुळ्याला गाडी बदलली तेव्हाही तसंच. जळगावच्या गाडीतल्या कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, "ठिबकचा पाईप का वं ताई?"

"हो मास्तर."

"इतलाच? एकच झाड शे का?"

"एकच शे," वहिनी म्हणाली, "पन लई सुकी गयं."

गाडीत दोन-चार जण हसले. मीही हसले. आणि लगेच रागही आला, कारण माझ्या लक्षात आलं की जोवर तो पाईप आहे तोवर सगळ्यांना त्याच्याबद्दल आदर आहे. शेतीचं सामान आहे, सरका, जागा द्या. पाठीमागच्या आजीबाईंना मी सांगितलं की हा व्यायामासाठी आहे, तर त्या म्हणाल्या, "व्यायाम? बाईले?" आणि पूर्ण पारोळ्यापर्यंत हसत राहिल्या. झाडाला पाणी देणं म्हणजे काम. स्वतःला देणं म्हणजे चाळा.

जळगावच्या घरात ती रिंग त्या खोलीत मावण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तिचे तुकडे निघत नव्हते. हीच तर तिची खुबी होती. मी म्हटलं, गच्ची आहे ना. सकाळचं कोवळं ऊन असतं, मोकळी आहे. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा वाईट माणूस असते तर माझं काम सोपं होतं. पण आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले, "तत्त्वतः माझा काहीच विरोध नाही."

आमच्या घरात हा शब्द फार चालतो. तत्त्वतः मान्य. तत्त्वतः पाठिंबा. मी हा शब्द कितीतरी पत्रकांवर वाचला होता, मोठ्या अभिमानानं. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नीट ऐकला.

"पण शेजारी कपड्यांच्या दुकानदारांचं घर आहे," आबा म्हणाले, "गच्चीला गच्ची लागून. खालून रस्ता. लोकांची तयारी नसते गं अजून. आपण एकदम असं केलं की मूळ कामाला धक्का बसतो. लोक म्हणतील, यांच्या घरातल्या सुना गच्चीवर..."

"गच्चीवर काय?" मी विचारलं.

"समता, मला बोलू दे," वहिनी म्हणाली. मग फार साधेपणानं तिनं विचारलं, "आबा, तत्त्वतः म्हणजे गच्चीवर का खोलीत?"

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सध्या खोलीत."

मी त्या रागात एक लेख लिहिला. नाव दिलं 'गच्ची कुणाची?' आबांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, 'गच्ची' खोडून 'सार्वजनिक अवकाश' केलं, आणि मला परत देताना म्हणाले, "चांगला आहे. शेवट थोडा तीव्र झालाय." मी काय करायचं अशा माणसाचं? त्यांनी मला वाक्य लिहायला शिकवलं, राग करायला शिकवलं, आणि तो राग त्यांच्यावर वळला तर त्यातलं व्याकरण तपासलं. विरोधकाशी भांडता येतं. आपल्याच बाजूच्या माणसाशी भांडताना हात रिकामे वाटतात, कारण आपली सगळी वाक्यं त्याचीच असतात.

ती थंडी अशी गेली. रिंग जिन्याच्या वरच्या खिळ्याला टांगली गेली. आधी आईनं तिच्यावर छकुलीचे मोजे वाळत घातले, मग लसणाच्या जुड्या. भरताच्या पार्ट्या झाल्या, पाहुणे आले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, प्रत्येक वेळी वहिनी खाली बसून वांगी सोलताना एक हात मागे नेऊन पाठ दाबायची. मी तेवढं बघायचे आणि जिन्याकडे बघायचे. नंतर नोकरीसाठी मी धुळ्याला आले. दुसरी थंडी आली, तीही गेली. फोनवर मी विचारायचे, "रिंग?" ती म्हणायची, "शे ना. लसूण मस्त वाळस तिच्यावर." तिचं ते हसणं मला आवडायचं नाही.

या वर्षी छकुली बालवाडीत जायला लागली. सकाळी घर रिकामं होतं. आणि एका सकाळी वहिनीनं रिंगेवरचा लसूण उतरवून टोपलीत ठेवला, आणि गच्चीवर गेली. कुणाला विचारलं नाही. मला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी किंचाळलेच. म्हटलं, आबा काय म्हणाले? "आबास्नी काही म्हनं नही. मी विचारंच नही ना."

मग ते झालं, ज्याची आबांना धास्ती होती. शेजारच्या घरानं पाहिलं. ते कुटुंब मूळचं राजस्थानातलं, कित्येक पिढ्या जळगावात, खाली कपड्यांचं दुकान, वर राहतात. त्या घरच्या भाभी गच्चीवर गहू वाळत घालायला आल्या होत्या. गहू सोडून कठड्याशी आल्या. वहिनीला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"अहो," भाभी हळूच म्हणाल्या, "तुमची पडत का नाही? माझी तर पडूनच जाते. कपाटामागे ठेवून दिली मी."

त्यांच्याकडेही होती! गुलाबी, चमकीची, कपाटामागे. गच्चीला गच्ची लागून, आणि इतकी वर्षं दोघींना एकमेकींची खबर नाही. ज्या डोळ्यांच्या भीतीनं आमच्या घरानं एक बाई खोलीत कोंडली, ते डोळे स्वतः कुणाच्यातरी भीतीनं खोलीत होते. हे मला वहिनी हसत हसत सांगत होती आणि मी धुळ्याच्या माझ्या खोलीत हातातला कप आपटायच्या बेतात होते. गेलेल्या थंड्या परत कोण देणार?

वहिनीनं सोनगीरहून पाईप मागवून भाभींना रिंग करून दिली. दोन दिवस दोन्ही गच्च्यांवर दोन रिंगा फिरल्या. तिसऱ्या दिवशी भाभींच्या गच्चीला हिरवी नेट लागली, रोपवाटिकेला लावतात तसली, चारी बाजूंनी. त्यांच्या घरच्यांनी लावून दिली. प्रेमानंच लावली असणार. आता तिथं नेटमागे एक पुसट गोल हलताना दिसतो, आणि कधीकधी हसू ऐकू येतं. भाभी खूष आहेत म्हणे. त्यांच्या खुषीवर बोलायचा मला अधिकार नाही, पण वहिनीनं पाठवलेल्या फोटोत ती हिरवी भिंत पाहिली आणि मला कळलं की आता आमच्या घरी काय होणार.

तसंच झालं. आबांना सुटका झाल्यासारखं वाटलं. "बघा," ते म्हणाले, "किती साधा तोडगा! आपणही लावू. म्हणजे तिचाही व्यायाम होईल, आणि..." आणि नंतरचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती.

गेल्या रविवारी मी जळगावला गेले ती भांडायच्या तयारीनं. गाडीत मनात मुद्दे काढले होते. नेट म्हणजे मोठी खोलीच. आज नेट मान्य केली तर उद्या ती वेळ ठरवेल, परवा कपडे. जिन्यानं वर गेले तर वहिनी उन्हात उभी होती, एक पाय जरा पुढे, रिंग तिच्याभोवती सावकाश फिरत होती. खालून रस्त्यावरून भाजीवाल्याचा आवाज येत होता. मी कठड्याला टेकले. माझ्या मागोमाग आबा वर आले, खांद्यावर हिरव्या नेटची नवीकोरी गुंडाळी, हातात सुतळी आणि कात्री. त्यांना दम लागला होता.

"वैशाली, कुठून बांधायला घेऊ? त्या कोपऱ्यापासून?"

कोपऱ्यातल्या लोखंडी कड्यापर्यंत जायचं तर वहिनीच्या जवळून जावं लागत होतं. ती थांबली नाही. आबाही घाई करणारे नाहीत. रिंग खाली पडेपर्यंत थांबावं, मग जावं, असा त्यांचा विचार दिसला. ते नेट सावरत उभे राहिले. मीही थांबले. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की रिंग पडते.

ती पडली नाही. आबा या पायावरून त्या पायावर झाले. नेट खांद्यावरून घसरायला लागली, ती त्यांनी पुन्हा वर ओढली. शेवटी त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"आबा, मागे सरका," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, की विनंतीही नव्हती. "लागेल तुम्हाला."

"अगं पण नेट..."

"सरका आबा."

आबा सरकले. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत सरकले, तिथंही रिंगेच्या वाऱ्याचा झोत लागला असेल म्हणून जिन्याच्या दारात गेले, आणि गुंडाळी तशीच खांद्यावर घेऊन एक पायरी खाली उतरून उभे राहिले. मी सगळे मुद्दे तयार ठेवले होते, पण एकही काढला नाही. त्या गच्चीवर त्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती.